आत्याचा टप्पा आणि माझे यंत्र

आमच्या लष्करातील जुन्या घराच्या माळ्यावर एका लोखंडी ट्रंकेत मला एक कॅसेट सापडली. तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिले होते, ‘१९८६. मुंज. आत्याचे गाणे.’ सदतीस वर्षांनी, म्हणजे २०२३ सालच्या मार्चमध्ये, शेजाऱ्याकडून कॅसेट वाजविण्याचे यंत्र मागून आणले आणि सर्व मंडळींना बैठकीच्या खोलीत बसवून मोठ्या ऐटीने कळ दाबली. प्रथम खरखर झाली. मग पंगतीचा कोलाहल, एक मूल रडल्याचा आवाज, पितळी पातेले फरशीवरून ओढल्याचा आवाज, आणि या सर्वांच्या पलीकडे, जणू आडाच्या तळाशी बसून कोणी गात असावे, तसा एक बारीक सूर.

आत्या शांतपणे ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, “अरे, यात माझे गाणे कुठे आहे? हा तर भांड्यांचा समारंभ झाला!”

सगळे हसले. मीही हसलो, पण त्या रात्री झोप आली नाही. आत्याला तेव्हा ब्याऐंशी वर्षे पूर्ण झाली होती. लहानपणी तिला आमच्याच आळीतील एका गुरुजींची तालीम मिळाली होती. १९६१ साली लग्न झाले आणि सासरी गाणे जे बंद झाले, ते हळदीकुंकवाच्या चार गाण्यांपुरते उरले. वैधव्यानंतर ती माहेरी परतली, तेव्हा गळ्यातील गाणे मात्र जसेच्या तसे बरोबर घेऊन आली. तिच्याजवळ चाळीसएक चिजा आहेत आणि सातआठ टप्पे आहेत. त्यांतले तीन टप्पे तरी मी आजवर दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलेले नाहीत. आणि या साऱ्याचा आमच्या घरातील एकमेव पुरावा म्हणजे ती कॅसेट!

आम्हा ग्वाल्हेरकरांना गाण्याचा अभिमान काय थोडा आहे? हद्दूखाँ-हस्सूखाँ यांची नावे आम्ही कानाच्या पाळीला हात लावूनच घेतो. पण त्यांचा एकही सूर कोणी ऐकलेला हयात नाही, आणि कोणत्याही यंत्राने तो टिपलेला नाही. आवाज साठविणारे एडिसनचे यंत्र निघाले १८७७ साली. तोवर आमचा तो वैभवकाळ सरून गेला होता. त्या थोरांच्या बाबतीत काळाचा नाइलाज होता. माझ्या आत्याच्या बाबतीत माझा कोणता नाइलाज होता? दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरात जाहीर केले की, आत्याचे गाणे मी स्वतः मुद्रित करणार. तेही घरच्या घरी.

सौ. म्हणाली, “जन्मभर कचेरीत जावक-आवक केली. आता हे काय?” पण तिने विरोध केला नाही. तिलाही आत्याचा टप्पा ठाऊक होता.

एखाद्या स्टुडिओत का नेले नाही, असे वाचक विचारतील. नेऊन पाहिले होते. काचेपलीकडे बसलेल्या गृहस्थांनी आत्याच्या कानांवर श्रवणयंत्र चढविले, तंबोऱ्याऐवजी विजेवरची पेटी लावली आणि ‘सुरू करा’ म्हणून बोटाने खूण केली. आत्याने एकदा सा लावला, श्रवणयंत्र काढून ठेवले आणि ती उठली. “समोर माणूस नाही, तर गाऊ कोणासाठी?” एवढेच ती बोलली. त्या गृहस्थांचा दोष नव्हता. ती तिची जागा नव्हती, इतकेच.

तेव्हा सामान जमविणे आले. सामान फार लागत नाही, हे नवशिक्याने प्रथम लक्षात ठेवावे. आमच्याकडे मुलाचा जुना संगणक होता. मायक्रोफोनचा सूक्ष्म विद्युत्प्रवाह घेऊन त्याचे आकड्यांत रूपांतर करणारी एक छोटी पेटी लागते, तिला इंटरफेस म्हणतात. ती दोन मायक्रोफोन जोडता येतील अशी घेतली. दोन कंडेन्सर मायक्रोफोन, त्यांचे ठेंगणे स्टँड आणि कान पूर्ण झाकणारे हेडफोन घेतले. संगणकावर ध्वनी मुद्रित करून त्यावर संस्कार करण्यासाठी ऑडॅसिटी नावाची प्रणाली उतरवून घेतली. ही २००० सालापासून लोकांना मोफत मिळते आहे. मायक्रोफोन जोडला, हेडफोन चढविले, आणि ‘सा’ म्हटले. शांतता! पुन्हा म्हटले. पुन्हा शांतता. तारा बदलल्या, संगणक बंद करून चालू केला, दुकानदाराला मनातल्या मनात बरेच काही बोललो. शेवटी शेजारचा मुलगा आला. तो लग्नसराईत ध्वनिक्षेपक लावतो आणि तबलाही बरा वाजवितो. त्याने पेटीवरील एक बारकी कळ दाबली आणि म्हणाला, “काका, या जातीच्या माइकला अठ्ठेचाळीस व्होल्ट द्यावे लागतात. तो उपाशी होता.” झाले! माझा पहिला धडा एका कळीचा होता.

दुसरा धडा खोलीचा. आमची बैठकीची खोली मोठी, दगडी भिंतींची, फरशीची, उंच छताची. गाणे होण्यास याहून थोर जागा कोणती, असा माझा समज. प्रत्यक्षात मुद्रण ऐकले तो आत्या विहिरीकाठी बसून गाते आहे असे वाटावे! कारण साधे आहे. तोंडातून निघालेला सूर मायक्रोफोनकडे सरळ येतो तसा भिंतींवर, छतावर, फरशीवर आपटूनही येतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर चालतो. म्हणजे एका मीटरला साधारण एक सेकंदाचा तीनशेत्रेचाळिसावा भाग. आपटून येणारे सूर असे थोडेथोडे मागाहून येतात आणि मूळ सुराच्या कडा बुजवितात. आपला कान समोरच्या माणसाकडे लक्ष देऊन हा गोंधळ निवडून टाकतो. मायक्रोफोनला लक्ष देता येत नाही. त्याला जे जे मिळते ते ते तो घेतो.

तेव्हा आम्ही मुक्काम हलविला तो माडीवरील गाद्यांच्या खोलीत. एका भिंतीशी छतापर्यंत रचलेल्या गाद्या, दुसऱ्या भिंतीशी पुस्तकांची कपाटे, खाली सतरंजी व तिच्यावर जाजम. तेथे ‘सा’ लावला आणि तो लागला तसाच राहिला. मग माझ्या ध्यानात आले की, जुन्या मैफिलींत जाजम, गाद्या, तक्के, लोड, दारांना जाड पडदे असत, ते काही केवळ सरदारी थाटासाठी नव्हते. दगडी वाड्याला ते आवाज पिण्याचे काम करीत. वर पागोटी घातलेली शंभर माणसे! मी हजारो रुपयांचा स्पंज भिंतींना डकविण्याच्या बेतात होतो, ते पैसे वाचले.

राहिला प्रश्न वेळेचा. आमच्या गल्लीत भाजीवाला, भंगारवाला, दुचाक्या, कुत्री, आणि उन्हाळ्यात घरोघरी कूलर. शांतता मिळते ती पहाटे चार ते पाच. मी आत्याला म्हटले, “पहाटे उठून हमीर म्हणशील?” तिने माझ्याकडे असे पाहिले की, मी पुन्हा तो विषय काढला नाही. रात्रीचा राग रात्रीच! रात्री अकरानंतर म्हणावे तर लग्नसराईच्या वराती. शेवटी तोडगा निघाला: पहाटेचे राग पहाटे मुद्रित करावे, हमीर पुढे पाहता येईल. भैरवातला छोटा ख्याल आणि भैरवीतला टप्पा, असे ठरले.

मे महिन्यातली ग्वाल्हेरची पहाट. पंखा बंद, कूलर बंद. खालचे फ्रीजसुद्धा बंद, कारण त्याची घरघर जिन्यातून वर येई. (ते पुन्हा चालू करावयाचे मी विसरलो आणि दोन लिटर दूध नासले. तेव्हापासून फ्रीज बंद करताना मी माझा चष्मा त्यात ठेवतो. चष्म्यावाचून अडले की फ्रीज आठवते.) आत्या जाजमावर बसली. तिच्या मागे आमची नात तंबोरा घेऊन, उजव्या हाताला तो शेजारचा मुलगा तबला घेऊन. एक मायक्रोफोन आत्यापुढे, दुसरा तबल्यापुढे. मी समोर संगणकापाशी. आत्याच्या समोर माणूस होता, हे महत्त्वाचे.

टप्पा ही चीज काय आहे हे ग्वाल्हेरच्या वाचकाला सांगावयास नको. पण इतरांसाठी दोन शब्द. परंपरा त्याचे मूळ पंजाबकडच्या उंटवाल्यांच्या गाण्यांत सांगते आणि त्याला दरबारी रूप देण्याचे श्रेय शोरी मियाँना देते. त्यात सूर ख्यालासारखा सावकाश विसावत नाही. बारीक, लवचीक, चक्राकार तानांचे झेले एकामागून एक सुटतात, मध्येच गळा थबकतो, पुन्हा उसळतो. आणि ग्वाल्हेर घराण्याने तो जिवापाड सांभाळला आहे. त्या पहाटे आत्या जे गायली ते मी आयुष्यात तिच्याकडून ऐकले नव्हते. गळ्यावरून वर्षे उतरून गेली. अंतऱ्याच्या एका जागी तिने वरच्या षड्जावर अशी काही उसळी घेतली की, तबल्यावरच्या मुलाच्या तोंडून ‘आहा!’ निघून गेले.

मी हेडफोन चढवून ऐकले आणि माझे हातपाय गार पडले. नेमक्या त्याच जागेवर आवाज फाटला होता. काच तडकावी तसा कर्रर्र.

दोष सर्वस्वी माझा. संगणक आवाज कसा लिहितो, हे मी वाचले होते, पण समजून घेतले नव्हते. तो ध्वनीची लाट अखंड ठेवीत नाही. तिची उंची पुनःपुन्हा मोजून आकडे लिहितो. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी हे माप सेकंदाला ४४,१०० वेळा घेण्याचे ठरले आणि प्रत्येक मापाला १६ बिट, म्हणजे ६५,५३६ पायऱ्या दिल्या गेल्या. सर्वांत वरच्या पायरीच्या वर काहीही नाही. जुनी चुंबकीय फीत थोडी अधिक भरली तर कुरकुरत का होईना, सामावून घेई. आकड्यांच्या हिशेबात तशी सवलत नाही. लाट वरच्या पायरीच्या वर गेली की तिचे शिर सपाट कापले जाते, आणि कापलेले शिर नेमके कसे होते, हे मागाहून कोणालाच कळत नाही. आवाज मोठा यावा म्हणून मी पेटीवरील कळ पुरती फिरवून ठेवली होती. आत्या सुरुवातीला हलकेच गुणगुणली, त्यावरून मी मोजमाप ठरविले. टप्प्याची उसळी माझ्या हिशेबातच नव्हती.

“आले का?” आत्याने विचारले.

मी खरे ते सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “चहा टाक. आज आता नाही.” आणि जिना उतरताना, पाठमोरीच, “ती जागा मला सांगून येत नाही रे.”

तो दिवस कसा गेला ते मलाच ठाऊक. त्या दिवशी मी गायसबर्गची आठवण करून स्वतःची समजूत घातली. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीतर्फे हा गृहस्थ कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजानचे गाणे मेणाच्या तबकडीवर घेतले. तेव्हा मायक्रोफोनही नव्हता. विजेने मुद्रण करण्याची रीत १९२५ च्या सुमारास आली. गाणाराने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावयाचे, सुमारे तीन मिनिटांत राग आटपावयाचा. मोजमाप करण्याची कळ नव्हती. होते ते केवळ गाणाराचे कर्ण्यापासूनचे अंतर. अंतर! आणि मी कळीकडे पाहत बसलो होतो.

दहा दिवसांनी आत्या स्वतःच म्हणाली, “उद्या पहाटे बसू.” या वेळी मी शहाणा झालो होतो. १६ ऐवजी २४ बिटांवर मुद्रण ठेवले. त्यात खालच्या बाजूला इतकी जागा असते की, आवाज हळू घेतला तरी काही बिघडत नाही. आत्याला आधी टप्प्यातली सर्वांत जोराची तान घ्यावयास लावली आणि तिचा काटा वरच्या मर्यादेच्या बारा डेसिबल खाली राहील, अशी कळ बसविली. मायक्रोफोन तोंडापासून दीड वीत अंतरावर, हनुवटीच्या किंचित खाली, वर तोंड करून. अगदी जवळ ठेवला तर या जातीचा मायक्रोफोन खर्ज उगाच फुगवितो आणि ‘प’, ‘भ’ यांचे फटके बसतात. अंतर दुप्पट केले तर सरळ येणारा आवाज सहा डेसिबलने उतरतो आणि खोली पुढे येते. दीड वितीवर आत्या होती, खोली नव्हती. तबलजीला हातभर मागे सरकविले आणि आत्याच्या मायक्रोफोनची पाठ त्याच्याकडे केली. कारण मागच्या वेळी तबला दोन्ही मायक्रोफोनांत शिरला होता. एकातला कमी करावा तर दुसऱ्यातून वाजतच राही. मिक्सिंग म्हणजे मागाहून करावयाचे काम, असे मी समजत होतो. ते माणसे कोठे बसवावीत येथूनच सुरू होते.

आत्या गायली. चांगली गायली. पण ती उसळी आली नाही. त्या जागी तिने दुसरेच काही, अधिक सावध, अधिक सुबक केले. गाणे निर्दोष मुद्रित झाले. मी काही बोललो नाही आणि तीही बोलली नाही.

आता मिक्सिंग. नवशिक्या ज्या खड्ड्यात पडतो तो हाच. येथवर साधनांची टंचाई असते, येथे सुकाळ असतो. पडद्यावर शंभर कळा, आणि प्रत्येक कळ म्हणते, मला दाबून तर पाहा!

प्रथम मी कुरकुर काढावयास घेतली. संगणकाला गोंगाटाचा एक नमुना ऐकवावयाचा. मग तो तेवढा गोंगाट सर्व मुद्रणातून वेचून काढतो. मी सुरुवातीचा, आत्या गाऊ लागण्यापूर्वीचा भाग नमुना म्हणून दिला. यंत्राने आज्ञा पाळली, आणि ऐकतो तो काय, तंबोरा नाहीसा! नमुन्यात नात तंबोरा छेडीत होती ना? जे सतत, न बदलता वाजते ते यंत्राच्या लेखी गोंगाट. आपल्या लेखी तो गाण्याचा पाया. मग तंबोऱ्याआधीचे दोन सेकंद शोधून तो नमुना दिला, तरीही जवारीचा झणत्कार पाण्यात बुडाल्यासारखा झाला. शेवटी ती कळ सोडून दिली. पहाटेच्या शांततेने जे काम केले होते, त्यावर यंत्राची गरजच नव्हती.

मग खालची घरघर काढावी म्हणून १२० कंपनांखालचे सारे कापले. आत्याचा सा आता काळी तीनचा, म्हणजे सेकंदाला सुमारे १८५ कंपनांचा. तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्म्यावर, साधारण ९२. मी घरघर काढताना खर्जाचे मूळच उपटले होते. तंबोरा टिनाच्या डब्यासारखा वाजू लागला. पुढे कापण्याची रेघ ६० वर आणली आणि विजेच्या घरघरीचे मूळ असलेला दिव्याचा अडाप्टर पुढच्या वेळी खोलीबाहेर ठेवण्याचे वहीत टिपून ठेवले.

एवढ्याने शहाणपण यावे की नाही? नाही आले. आवाजातला लहानमोठेपणा सपाट करणारी कॉम्प्रेसर नावाची सोय आहे. ती भरपूर लावली. घुमारा देणारी एक आहे. ती लावली, आणि आत्या एखाद्या घुमटाखाली गाऊ लागली. शेवटी, दोन ताना जोडणाऱ्या जागी आत्या श्वास घेते तो हेडफोनमध्ये फार ऐकू येई. म्हातारपणाचा श्वास, किंचित घरघरणारा. मी तीन रात्री बसून ते सारे श्वास एक एक करून कापले. माझ्या मते तो माझा उत्कर्ष होता.

मोठ्या अभिमानाने आत्याला बोलावले. तिने सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळे मिटून ऐकले. मग विचारले, “ही कोण बाई गाते आहे?”

“आत्या, तूच!”

“मी नाही. ही बाई श्वासच घेत नाही.” मग नातीकडे वळून म्हणाली, “पोरी, तू हे ऐकून शिकणार ना? मग तुझा दम मध्येच तुटेल आणि तुला वाटेल आपलेच काही चुकते आहे. गुरुजींनी मला टप्पा शिकविला तेव्हा ताना नंतर शिकविल्या. आधी शिकविले ते दम कुठे भरायचा.”

मी काय करून बसलो होतो ते त्या क्षणी समजले. मला वाटत होते, मी आवाज जतन करतो आहे. मी जतन करावयास निघालो होतो ती तालीम होती. आणि तिचा अर्धा भाग मी कचरा समजून कापून टाकला होता. सुदैवाने एक शहाणपण माझ्या हातून झाले होते. मूळ मुद्रणाला हात न लावता मी प्रतीवर काम करीत होतो. या लेखातून नवशिक्याने एकच गोष्ट घ्यावयाची असेल तर ही घ्यावी: मूळ तसेच ठेवा. चूक प्रतीवर करा.

पुन्हा पहिल्यापासून बसलो. श्वास सारे परत आले. आवाज व तबला यांचे प्रमाण लावले. तबल्याच्या मायक्रोफोनपर्यंत आत्याचा आवाज किंचित उशिरा पोचतो, त्यामुळे दोन्ही एकत्र केल्यावर तो मधून पोकळ वाटे; तबल्याची पट्टी थोडी उतरविताच ते गेले. कॉम्प्रेसर नाममात्र. घुमारा इतकाच की, तो काढल्यावर मगच होता असे कळावे. आणि एक पथ्य पाळले: दीड तासाहून अधिक बसावयाचे नाही. थकलेला कान खोटे बोलतो. रात्री जे मधुर वाटते ते सकाळी कर्कश निघते. हेडफोनवर जमले की बैठकीतल्या स्पीकरवर ऐकावयाचे, मग फोनवर, मग शेजाऱ्याच्या मोटारीत. चारही ठिकाणी आत्या आत्याच वाटली, तेव्हा हात थांबविला.

राहिले मास्टरिंग. हा शब्द तबकडीच्या काळचा. जी मूळ तबकडी कापून तिच्यावरून पुढील ठसे काढीत ती ‘मास्टर’. आज त्याचा अर्थ एवढाच की, बाहेर द्यावयाच्या प्रतीवर शेवटचा हात फिरविणे: सर्व गाण्यांची उंची एकमेकांशी जुळविणे, आरंभ-अखेर नीट करणे, योग्य प्रकारात उतरविणे. चित्रपटातले गाणे लावून लगेच आत्याचा टप्पा लावला, तो केविलवाणा हळू वाटला. पुन्हा मोह! फुगवावे का? पण गाणी पुरविणाऱ्या मोठ्या सेवा आता सर्वांची उंची आपणच एका पातळीवर आणतात. त्यांतल्या काहींचे माप उणे १४ च्या आसपास आहे, ज्या मापाला एलयूएफएस म्हणतात. तुम्ही फुगवून दिले तर ते तेथे उतरविले जाते, आणि फुगविताना चेपले गेलेले मात्र परत येत नाही. म्हणजे ओरडून काही लाभ नाही. आत्याचा टप्पा मी हळूच ठेवला. ज्याला ऐकावयाचा आहे त्याने कळ थोडी फिरवावी.

असो. आज तिच्या सोळा चिजा आणि पाच टप्पे मुद्रित झाले आहेत. प्रत्येकाच्या तीन प्रती: एक संगणकात, एक वेगळ्या डिस्कवर, एक पुण्यास मुलाकडे. प्रत्येकाबरोबर राग, ताल, स्वर, तारीख लिहून ठेवले आहे. हमीर अद्याप व्हावयाचा आहे. आणि त्या फाटलेल्या पहाटेचे मुद्रणही मी टाकलेले नाही. ते कोणाला ऐकवीत नाही. पण नात टप्पा बसवीत असता त्या जागी अडली, तेव्हा आत्याने स्वतः तेच मागितले. “आवाज फाटू दे,” ती म्हणाली, “वाट तर दिसते ना?” त्या कर्रर्रमधूनही वाट दिसली.

एक शेवटचे. गौहरजान आपल्या ध्वनिमुद्रिकेच्या अखेरीस आपले नाव इंग्रजीत सांगे, हे अनेकांना ठाऊक आहे. जर्मनीत हानोव्हरला तबकड्या काढणाऱ्यांना ही कोणाची, हे कळावे म्हणून ती व्यवस्था होती. मला ती फार आवडली. दुसऱ्या पहाटेचा टप्पा संपल्यावर मी आत्याला म्हटले, “तुझे नाव सांग.” ती गोंधळली. कोणते नाव सांगावे? सासरचे नाव तिने बासष्ट वर्षे लावले होते. पण त्या नावाने ती कधी गायली नव्हती. थोडी थांबली, आणि मग तिने आपले माहेरचे नाव सांगितले, गुरुजींचे नाव सांगितले, आणि म्हणाली, ‘लष्कर, ग्वाल्हेर.’

त्यापाठोपाठ तिने दम घेतला, आणि मला विचारले, “आले का?”

तेही मुद्रणात आहे. ते मी कापलेले नाही.